मक्याला ऊन हवे

(पीक चांगले यावे म्हणून शेतकरी पाणी देतो, खत देतो. पण मातीतले खत उचलण्याची ताकद पिकाला कोठून मिळते? या पाठात मक्याच्या उदाहरणावरून ही गोष्ट समजावून सांगितली आहे.)

भुसावळ शहराजवळ दीपनगर ही वसाहत आहे. येथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे ती वसली. संध्याकाळ झाली, की केंद्रातले आणि वसाहतीतले दिवे लागतात. लांबून पाहणाऱ्याला दिव्यांचे गावच दिसते. दिवसा मात्र चित्र वेगळे असते. वसाहत ओलांडली, की काळ्या मातीची शेते सुरू होतात. कापूस, केळी, ज्वारी आणि मका ही या भागातली पिके.

एका पावसाळ्यात नववीच्या वर्गातील एका मुलाने मला प्रश्न विचारला. त्याचे अब्बा दुसऱ्याचे शेत वाट्याने करतात. तो म्हणाला, "सर, आमच्या बांधावर मोठा निंब आहे. निंबाजवळच्या सहा-सात ओळींतला मका दरवर्षी बारीक राहतो. यंदा अब्बांनी तेथे अर्धी गोणी युरिया जास्त टाकला. तरी मका सुधारला नाही. मग ते खत गेले कुठे?"

वर्गात हशा पिकला. उर्दूत 'ख़त' म्हणजे चिठ्ठी. "चिठ्ठी चुकीच्या पत्त्यावर गेली असेल," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. मलाही हसू आले. पण त्या मुलाचा चेहरा गंभीर होता. ती गोणी त्याच्या अब्बांनी उधारीवर आणली होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाचा प्रश्न साधा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे पाहिले पाहिजे, की झाड वाढते ते कशावर?

पूर्वी लोकांना वाटे, की झाड माती खाऊन वाढते. सतराव्या शतकात, आज ज्या देशाला आपण बेल्जियम म्हणतो तेथे, व्हॅन हेल्माँट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी मोठ्या कुंडीत वाळवून तोललेली माती भरली आणि तीत विलो नावाच्या झाडाचे रोप लावले. रोपाचे वजन सुमारे सव्वादोन किलो होते. पाच वर्षे त्यांनी कुंडीला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन ७६ किलोच्या वर गेले. कुंडीतली माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅम कमी झाली होती. हा प्रयोग १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. झाड केवळ पाण्यापासून बनते, असे हेल्माँट यांना वाटले. ते पूर्णपणे खरे नव्हते. पण झाडाचे वजन मातीतून येत नाही, एवढे मात्र त्यांनी दाखवून दिले. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाऊज या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की वनस्पतींचे हिरवे भाग ऑक्सिजन सोडतात, पण ते फक्त प्रकाशात, अंधारात नाही.

आज आपल्याला माहीत आहे, की पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. मुळांनी शोषलेले पाणी पानात येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते. त्या ऊर्जेने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. या साखरेपासूनच पुढे ताट, पाने, मुळे आणि दाण्यातला स्टार्च बनतो. धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. तेथे जो पांढरा स्टार्च निघतो, तो एका अर्थाने साठवलेले ऊनच होय. विद्युत केंद्रात जळणारा दगडी कोळसाही असाच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी पकडलेली सूर्याची ऊर्जा त्यात साठलेली आहे.

मक्याचे वाळलेले ताट १०० ग्रॅम घेतले, तर त्यातले सुमारे ९५ ग्रॅम कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे असतात. हे तिन्ही हवा आणि पाणी यांतून मिळतात. उरलेले थोडेसे वजन मातीतून घेतलेल्या द्रव्यांचे असते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्यांतली मुख्य होत. ही द्रव्ये थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून चालत नाही. नत्र कमी पडले, तर मक्याची खालची पाने टोकापासून मधल्या शिरेकडे पिवळी पडत जातात. स्फुरद कमी पडले, तर कोवळी रोपे जांभळट दिसतात. तरीही खत म्हणजे झाडाची भाकरी नव्हे. खत म्हणजे भाकरीतले मीठ. मीठ नसेल, तर भाकरी बिघडते. पण घरात पीठच नसेल, तर नुसत्या मिठाने कोणाचे पोट भरेल?

आता मक्याकडे वळू. मका, ज्वारी, बाजरी आणि ऊस ही उन्हाची पिके आहेत. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास करून अशा वनस्पतींची खास पद्धत समजावून सांगितली. या वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी पानाच्या बाहेरच्या पेशींत चार कार्बनच्या संयुगात बांधून ठेवतात. मग तो शिरांभोवतीच्या आतल्या पेशींना भरपूर प्रमाणात पुरवतात. म्हणून त्यांना सी-४ वनस्पती म्हणतात. भात किंवा गहू यांच्या पानाला भर दुपारचे सगळे ऊन वापरता येत नाही. मक्याचे पान मात्र कडक उन्हातही काम वाढवत जाते. खानदेशातल्या उन्हाशी त्याचे चांगले जमते ते यामुळेच. पण या पद्धतीला थोडी जास्त ऊर्जा लागते. उन्हात ती सहज मिळते. सावलीत मिळत नाही. म्हणून उन्हात पुढे असणारा मका सावलीत मागे पडतो.

येथे तुम्ही म्हणाल, निंबाखाली काही अंधार नसतो. तेथे बसून आपण पुस्तक वाचू शकतो. बरोबर आहे, पण आपले डोळे आपल्याला फसवतात. उजेड कमी झाला, की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला पुरेसे दिसते. पानाला अशी सोय नाही. प्रकाश मोजण्याचे लक्स नावाचे एकक आहे. भर दुपारी उघड्या रानात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशी तो १० ते २० हजारांवर येतो. आभाळ काळेभोर असेल, तर त्याहूनही खाली जातो. गर्द झाडाच्या सावलीत काही हजार लक्स मिळतात. वर्गाच्या खोलीत काही शेकडा आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली तर काही दहाच! दिव्याखाली आपण अक्षरे ओळखतो, पण त्या उजेडावर मक्याचा दाणा भरणार नाही.

मग प्रकाशाचा आणि खताचा संबंध काय? खत तर मातीत असते आणि मुळे अंधारातच असतात. नेमके येथेच उत्तर आहे. मूळ स्वतः अन्न तयार करत नाही. पानाने केलेली साखर खाली उतरते, तेव्हा मूळ जगते. ही साखर वापरून मुळाच्या पेशी ऊर्जा मिळवतात आणि त्या ऊर्जेने मातीतली द्रव्ये आत ओढतात. सावलीतले झाड आपली थोडी साखर आधी पाने आणि खोड यांवर खर्च करते. कारण त्याला प्रकाश गाठायचा असतो. मुळांच्या वाट्याला फार कमी येते. त्यामुळे मुळे आखूड आणि विरळ राहतात.

याचे तीन परिणाम होतात. पहिला स्फुरदाबाबत. स्फुरद मातीत फारसे हलत नाही. ते जेथे असते तेथे मुळालाच जावे लागते. मूळ आखूड राहिले, की जवळ असलेले स्फुरदही दूर राहते. दुसरा नत्राबाबत. युरियातले नत्र मातीतल्या जिवाणूंमुळे टप्प्याटप्प्याने नायट्रेट बनते आणि पाण्याबरोबर मुळाशी येते. सावलीत पानांतून पाण्याची वाफ कमी होते, म्हणून मुळे पाणीही कमी ओढतात आणि त्याबरोबर येणारे नायट्रेटही कमी. तिसरा परिणाम पानात दिसतो. वर आलेल्या नायट्रेटपासून प्रथिने बनवायची, तर ऊर्जा लागते आणि साखरही लागते. हे काम करणारे विकर प्रकाशातच नीट चालते. प्रकाश कमी असेल, तर नायट्रेट तसेच पडून राहते. म्हणजे खत झाडापर्यंत पोचले, तरी त्याचा उपयोग होईलच असे नाही.

हे सगळे मी वर्गात सांगितले. तेव्हा एका मुलीने शंका काढली, "सर, निंबाची मुळेही पाणी आणि खत खात असतील. मग दोष सावलीचा, की मुळांचा?" शंका अगदी रास्त होती. शेतात दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. त्या वेगळ्या करायच्या, तर प्रयोगच करायला हवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पत्र्याचे सहा सारखे डबे घेतले. त्यांच्या तळाला भोके पाडली. एकाच शेतातली माती चाळून सर्वांत सारखी भरली. प्रत्येकात एकाच पिशवीतले मक्याचे बी पेरले. दोन डबे मैदानात उघड्या उन्हात ठेवले, दोन पातळ गोणपाटाच्या आडोशाला आणि दोन वर्गात खिडकीजवळ. प्रत्येक जोडीतल्या एका डब्याला चिमूटभर युरिया पाण्यातून दिला, दुसऱ्याला दिला नाही. सर्वांची माती सारखी ओली राहील, अशा बेताने पाणी घातले. आता निंबाची मुळे मध्ये नव्हती. फरक फक्त दोन होते : प्रकाश आणि खत.

पाच आठवड्यांनी रोपे उपटून मुळे अलगद धुतली. उन्हातल्या रोपांची ताटे जाड, पाने रुंद आणि मुळे दाट, पांढरी होती. त्यांतही युरिया दिलेले रोप स्पष्टपणे मोठे होते. खिडकीजवळची रोपे लांबट, पोपटी आणि एका बाजूला कललेली होती. त्यांची मुळे म्हणजे चार-सहा दोरेच! तेथे युरिया दिलेले आणि न दिलेले रोप यांत फरक शोधावा लागत होता. गोणपाटाच्या आडोशाची रोपे या दोन्हींच्या मधली होती. सहा डब्यांवरून अंतिम निर्णय देता येत नाही, हे मी मुलांना सांगितले. पण शास्त्रज्ञांनी मोठ्या प्रमाणावर केलेले प्रयोगही हेच सांगतात : प्रकाश असेल, तर खताचा फायदा, प्रकाश नसेल, तर खत वाया.

ही गोष्ट फक्त निंबाखालीच घडते असे नाही. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो. पण खरीपात आभाळ ढगांनी भरलेले असते. डिसेंबरात दिवस अकरा तासांहून थोडा लहान. पण आभाळ स्वच्छ असते. शिवाय थंडीमुळे मका पक्व व्हायला अधिक दिवस घेतो आणि तितके दिवस ऊन साठवतो. पाण्याची सोय असेल, तर रब्बीचा मका अनेकदा खरिपापेक्षा जास्त उतरतो, त्याचे हे एक कारण आहे.

दाट पेरलेला मकाही एकमेकांवर सावली धरतो. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे खाली पोचणारा प्रकाश वेगळा असतो. तो फरक मक्याला कळतो आणि शेजाऱ्याच्या वर डोके काढण्यासाठी तो भराभर उंच होतो. अशी उंची बघून खूश होऊ नये. ताट बारीक राहते आणि वाऱ्याने लोळते. म्हणून उशिरा येणाऱ्या वाणांसाठी दोन ओळींत ७५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. या हिशेबाने एक हेक्टरात साधारण ६६ हजार रोपे बसतात. जास्त उगवली, तर वेळेवर विरळणी करावी.

मक्याच्या आयुष्यात सर्वांत नाजूक काळ तुरा येण्याचा आणि कणसाला रेशमी केस फुटण्याचा. या सुमारास दहा-पंधरा दिवस सतत सावली पडली, तर कोवळे दाणे गळून जातात आणि कणसाचे टोक रिकामे राहते. गेलेले दाणे नंतरच्या उन्हाने परत येत नाहीत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. युरिया गेला कुठे? ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. झाडाने जे उचलले नाही, त्यातले काही अमोनिया वायू होऊन हवेत उडते. काही मातीत राहते. काही नायट्रेट बनून पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीपर्यंत पोचू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती कमी होते. गुरांनाही धोका असतो. ढगाळ हवेत भरपूर युरिया दिलेल्या मक्याच्या हिरव्या चाऱ्यात नायट्रेट साठू शकते. असा चारा उपाशी गुरांना एकदम भरपूर घातला, तर विषबाधा होते. मागच्या बाकावरचा तो मुलगा थट्टेत बोलला होता, पण त्याचे म्हणणे खरे निघाले. खत खरोखरच चुकीच्या पत्त्यावर गेले होते.

त्या मुलाचे अब्बा एके दिवशी शाळेत आले. त्यांनी उन्हातल्या आणि खिडकीजवळच्या रोपांची मुळे दोन तळहातांवर घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, ज्याला खायची ताकदच नाही, त्याच्यापुढे मी वाढत होतो." थोडे थांबून त्यांनी विचारले, "मग निंब तोडायचा का?"

मी म्हटले, "निंब तोडू नका. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही आणि तुमचे बैल कोठे बसाल?"

पुढच्या वर्षी त्यांनी शेतमालकाला विचारून पावसाळ्यापूर्वी निंबाच्या खालच्या फांद्या छाटल्या. बुंध्याजवळच्या ओळींत मका न पेरता घरापुरती हळद लावली; हळद थोडी सावली सहन करते. उरलेल्या शेतात विरळणी वेळेवर केली. युरिया एकदम न टाकता पेरणीच्या वेळी, महिन्याने आणि तुरा येण्याच्या सुमारास असा तीन हप्त्यांत, जमिनीत वाफसा पाहून दिला. सावलीच्या पट्ट्यात जादा गोणी टाकली नाही. त्या वर्षी खताच्या दुकानातली त्यांची उधारी वाढली नाही, असे त्या मुलाने मला सांगितले.

शब्दार्थ

बांध – शेताची हद्द दाखवणारा मातीचा उंचवटा
वाट्याने – बटाईने
ताट – मक्याचे किंवा ज्वारीचे उभे खोड (दुसरा अर्थ : जेवणाची थाळी)
विकर – सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
रास्त – योग्य, वाजवी
गोणपाट – तागाचे जाड कापड
विरळणी – दाट उगवलेली जादा रोपे काढून टाकणे
वाफसा – जमीन फार ओली नाही व फार कोरडी नाही अशी स्थिती
झिरपणे – हळूहळू पाझरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्हॅन हेल्माँट यांच्या कुंडीतील माती पाच वर्षांत किती कमी झाली?
(आ) मक्यासारखी उन्हाची आणखी तीन पिके कोणती?
(इ) मुलीने कोणती शंका विचारली?

२. कारणे लिहा.
(अ) सावलीतील मक्याची मुळे आखूड राहतात.
(आ) रब्बीचा मका अनेकदा खरिपापेक्षा जास्त उतरतो.
(इ) दाट पेरलेला मका उंच होऊनही चांगला नसतो.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
निंबाजवळच्या ओळींत जादा युरिया टाकूनही मका का सुधारला नाही?

४. 'खत' या शब्दाचा मराठीतील अर्थ व उर्दूतील अर्थ लिहा. दोन्ही भाषांत सारखे ऐकू येणारे, पण अर्थ वेगळा असणारे आणखी दोन शब्द शोधा.

५. उपक्रम : पाठातील सहा डब्यांचा प्रयोग शाळेत करा. दर आठवड्याला रोपांची उंची, पानांची संख्या आणि रंग वहीत नोंदवा. शेवटी मुळांची चित्रे काढा.